मातीला हात लावून

वस्ताद,

गेल्या महिन्यात बारामतीला माझा सत्कार झाला. शाल, नारळ, हार, सगळं रीतसर. निवेदन करणाऱ्या बाईंनी मी फुटबॉलचा पंच म्हणून कोणकोणत्या देशांत शिट्टी वाजवली त्याची यादी वाचली, तीत दोन देश असे होते जिथं मी कधी पाऊलही टाकलेलं नाही. मी दुरुस्ती केली नाही. मग त्यांनी विचारलं, तुमचे गुरू कोण? मी तुमच्याबद्दल वीस मिनिटं बोललो. साखर कारखान्याच्या गाडीतळावर तुम्ही उसाच्या बैलगाड्या रांगेला कशा लावायचा, वसाहतीतल्या तालमीत आमच्याकडून कशी मेहनत करून घ्यायचा, आणि इंग्रजीचं एक अक्षर येत नसताना फुटबॉलच्या नियमांचं पुस्तक मांडीवर घेऊन कसे बसायचा. लोक हसले, मग त्यांनी टाळ्या वाजवल्या. पहिल्या रांगेत तुमची लेक बसली होती. आता तिचेही केस पांढरे झालेत. कार्यक्रम संपल्यावर ती जवळ आली आणि म्हणाली, "दादा, आबा शेवटपत्तूर म्हणायचे, ह्यो गडी मातीला हात लावून कधी खोटं बोलायचा न्हाय." मी म्हटलं, चहा घेऊन जा.

तेव्हा आधी ते सांगून टाकतो. चेंडू माझ्या हाताला लागला होता. उजव्या हाताला, मनगट आणि कोपर यांच्या मध्ये. त्या गोष्टीला पन्नास वर्षं होत आली आणि एवढं एक वाक्य मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलांना नाही. तुम्हाला सांगायच्या दोन-तीन संधी आल्या होत्या, त्या मी घालवल्या. आता सांगून काही उपयोग नाही हे मला कळतं. मी आयुष्यभर खेळाडूंना हेच ऐकवत आलो की शिट्टी वाजल्यावर बोलण्यात अर्थ नसतो. तरी लिहितो आहे, कारण सत्काराच्या दिवसापासून जेवण गोड लागत नाही.

तुम्ही लासुर्ण्याचे, मी कळसचा. देश स्वतंत्र होऊन पाच-सहा वर्षं झाली असतील. मी कारखान्याच्या वर्कशॉपात हंगामी कामगार होतो, म्हणजे गाळप चालू असेतो काम आणि पट्टा पडला, हंगाम संपला की घरी. तुमची नोकरी गाडीतळावरची. पंचक्रोशीतून आलेल्या गाड्या उन्हात उभ्या असतात, बैल हंबरत असतात, ऊस वाळत चाललेला असतो, आणि जो तो आपला नंबर आधी आला म्हणून भांडत असतो. तुम्ही फक्त विचारायचा, "कवा आलास?" गाडीवान सांगेल ती वेळ तुम्ही खरी धरायचा आणि रांग लावून द्यायचा. मला आधी वाटे, हा माणूस भोळा आहे. मग लक्षात आलं की तुमच्यासमोर कुणी खोटी वेळ सांगतच नाही. एकदा कऱ्हाटीच्या एका गाडीवानाने तास-दोन तास लवकरची वेळ सांगितली, आणि पाचच मिनिटांत परत येऊन स्वतःच गाडी मागं घेतली. तुम्ही त्याला काही बोललाही नव्हतात.

इंदापूरच्या जत्रेत कुस्त्यांचा फड लागायचा तेव्हा पंच तुम्हीच. दोन गडी एकमेकांत असे गुंतून पडायचे की कुणाची पाठ टेकली ते बापजन्मी कळू नये. माणसं आरडाओरडा करायची. तुम्ही हात वर करायचा, गर्दी गप व्हायची. मग खालच्या गड्याला जवळ बोलवायचा. "मातीला हात लाव. टेकली का?" आणि वस्ताद, तो गडी, ज्याचं अख्खं गाव बैलगाड्या जोडून त्याची कुस्ती बघायला आलेलं असे, तो मातीला हात लावून म्हणायचा, "टेकली." मी हे डोळ्यांनी पाहिलं आहे. सत्कारात हे सांगितलं तर एक तरुण पत्रकार म्हणाला, असं कसं शक्य आहे? मी म्हटलं, तेव्हा होतं. ते कुणामुळं बंद झालं, ते त्यानं विचारलं नाही.

तालमीत एकदा माझ्या हातून करेलाचा, म्हणजे खांद्यावरून घुमवायच्या जड मुदगलाचा, दांडा मोडला. मी तो तसाच कोपऱ्यात उभा करून ठेवला. चार दिवस तुम्ही काही बोलला नाहीत. पाचव्या दिवशी विचारलंत, "कुणी मोडला?" मी लगेच म्हणालो, "म्या." मला वाटलं, खरं बोललो म्हणून शाबासकी मिळेल. तुम्ही म्हणालात, "मोडला त्येचं काय न्हाय. म्या इचारायची वाट बघितलीस, त्येचं वाईट वाटतंय." आणि महिनाभर तुम्ही मला सरावाच्या कुस्तीला अंगावर घेतलं नाहीत. बाकीच्यांना शिकवायचा, मी भिंतीला बसून बघायचो. मार खाल्ला असता तर परवडलं असतं.

फुटबॉल आणला तो कारखान्याच्या मुख्य इंजिनिअर साहेबांनी. ते कलकत्त्याकडचे. जेवणात मासा नसला तर चालेल पण संध्याकाळी फुटबॉल हवा, असा माणूस. वसाहतीच्या मागं मैदान आखलं, आमच्यातली पंधरा पोरं निवडली. मी पळायला चपळ, मला पुढं खेळवायचं ठरलं. सामने सुरू झाले आणि पंच कोण यावरूनच मारामाऱ्या व्हायला लागल्या. साहेबांनी विचारलं, या भागात असा कोण आहे की ज्याच्या निकालावर कुणी बोलत नाही? सगळ्यांनी तुमचं नाव घेतलं. तुम्हाला खेळ ठाऊक नव्हता. साहेब म्हणाले, खेळ शिकता येतो.

मला सातवीपर्यंतचं शिक्षण आणि मोडकंतोडकं इंग्रजी, म्हणून पुस्तक वाचून दाखवायचं काम माझ्याकडं आलं. रविवारी दुपारी तुमच्या स्वयंपाकघरात. काकी चुलीपुढं भाकरी थापताहेत, धूर खिडकीकडं सरकतो आहे, तुम्ही पाटावर मांडी घालून बसला आहात. मी एकेक नियम वाचतो, साहेबांकडून विचारून आणलेला अर्थ सांगतो. तुम्ही भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून ऐकता. ऑफसाइड कळायला तीन रविवार गेले. काकींनी पोळपाटावर डाळीचे दाणे मांडून दाखवले, तेव्हा कुठं तुमच्या आणि माझ्याही डोक्यात प्रकाश पडला. पुस्तक संपलं त्या दिवशी तुम्ही विचारलंत, "आन् पंचाला दिसलंच न्हाय तर?"

"मग द्यायचं न्हाय, असं लिवलंय."

"गड्याला इचारायचं कुठं लिवलंय?"

"न्हाय लिवलं वस्ताद."

तुम्ही हातातला तुकडा तोंडात टाकलात. मग म्हणालात, "त्येंच्याकडं आखाडा नसंल." काकी हसल्या. मीही हसलो. आणि तुम्ही फुटबॉलच्या मैदानात विचारायला सुरुवात केली. पुस्तकात नसलेला तो एक नियम तुम्ही आपल्या पदरचा घातला. साहेबांनी कपाळाला हात लावला, पण दोन सामन्यांत त्यांनाही पटलं. तुम्ही धोतराचा काचा मारून, गळ्यात शिट्टी अडकवून मैदानात उभे, धुळीत काही दिसलं नाही की हात वर. "मातीला हात लाव. लागला का?" पोरं खरं सांगायची. त्या एका हंगामात मी स्वतः दोनदा "लागला" म्हणालो आहे. हे मुद्दाम लिहितो. मी पहिल्यापासून खोटा नव्हतो.

मग बारामतीचा अंतिम सामना. पट्टा पडून पंधरा दिवस झाले होते, म्हणजे मी घरी बसलेला. साहेबांनी सांगून ठेवलं होतं की ढाल आणली तर वर्कशॉपातले दोन हंगामी गडी कायम होतील, आणि त्यात मी पहिला. कालव्याच्या अलीकडचं मैदान, ऊन रणरणतंय, माणसं झाडांवर बसलेली. शेवटची चार-पाच मिनिटं राहिली तरी गोल नाही. डावीकडून चेंडू उंच येतो, आम्ही चार-पाच जण एकदम उडतो, पायांखालची धूळ वर येते. चेंडू माझ्या हातावर आदळतो आणि आत जातो. मी हात मुद्दाम घातला नव्हता, हे खरं. पण लागला, हे मला त्याच क्षणी कळलं, कारण चेंडूच्या शिवणीतल्या चामडी वादीचा वळ हातावर उठला होता. बारामतीची पोरं तुमच्याभोवती गोळा झाली. रेषेवरचे दोन पंच, एक त्यांच्या गावचा आणि एक आमच्या वसाहतीतला. पहिला म्हणाला हात, दुसरा म्हणाला गोल. त्यांच्याकडून दुसरं काय होणार. तुम्ही हात वर केलात.

"इकडं ये. मातीला हात लाव."

मी वाकलो. माती तापलेली होती.

"लागला का?"

"न्हाय वस्ताद."

तुम्ही लगेच शिट्टी वाजवलीत. एकदा माझ्या तोंडाकडं निरखून तरी बघायचं होतंत. बघितलं नाहीत, कारण बघण्याची गरज तुम्हाला वाटली नाही.

गोलाच्या मागं खुर्च्या होत्या, तिथं कऱ्हाटीचे तात्या बसले होते. इंदापूरच्या फडावर तुमच्या जोडीनं पंच म्हणून उभे राहणारे, तुमचे वीस वर्षांचे दोस्त. ते उठून आत आले. "वस्ताद, म्या हितनं बघितलंय. हाताला लागला."

"तात्या, गड्यानं मातीला हात लावलाय."

"लावला असंल. पर लागला."

"माज्या गड्याला खोटं म्हंता?"

"म्या चेंडवाचं बोलतुय."

"म्या गड्याचं बोलतुय," तुम्ही म्हणालात, आणि चेंडू मध्यावर न्यायला सांगितलात. मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. तेव्हाही बोलता आलं असतं. सामना संपला, ढाल मिळाली, आणि कुस्ती मारलेल्या गड्याला बांधतात तसा तुम्ही तुमच्या डोक्यावरचा फेटा सोडून माझ्या डोक्याला बांधलात. सबंध बारामती ओरडत होती. दगड आले. तुमच्या खांद्याला एक लागला. परतीच्या ट्रकमध्ये तुम्ही मला म्हणालात, "दगडाचं मनावर घिऊ नगंस. तू खरं बोललास, बास." मी बाही खाली ओढून बसलो होतो.

मी कायम झालो. तुमचं काय झालं ते मला तेव्हा कळलं नाही, किंवा कळून घेतलं नाही. तात्या तुमच्याशी बोलेनासे झाले. पुढच्या इंदापूरच्या जत्रेत तुम्ही नेहमीसारखे फडात उभे राहिलात. भीमेपलीकडचा एक गडी आणि आपल्या कळसचा एक, दोघं गुंतून पडले. तुम्ही हात वर केलात. गर्दी गप झाली, पण नेहमीपेक्षा थोडी उशिरा. "मातीला हात लाव. टेकली का?" खाली सापडलेल्या गड्यानं आधी गर्दीकडं बघितलं, मग मातीला हात लावला आणि हसत म्हणाला, "न्हाय वस्ताद." मागून कुणीतरी ओरडलं, "द्या मग गोल!" सगळा फड हसला. लहानथोर, सगळे. तुम्ही त्या गड्याकडं बघत तसेच उभे राहिलात. मग दुसऱ्या पंचाला म्हणालात, "तुमी बघा," आणि बाहेर आलात. लोक वाट करून देत होते आणि हसतही होते. मी त्या गर्दीत होतो. मी हसलो नाही, एवढंच माझं पुण्य. तुम्ही पुन्हा कधी फडावर गेला नाहीत. त्यानंतर तिथं तीन पंच उभे करायची पद्धत पडली, दोघं म्हणतील तो निकाल. गड्याला कुणी विचारत नाही.

दुसऱ्या वर्षी पुण्याच्या एका सामन्यात माझा गुडघा गेला. डॉक्टरांनी खेळ बंद म्हणून सांगितलं. साहेब म्हणाले, पंचाची परीक्षा दे, नियम तुझे पाठ आहेत. मी पुण्याला निघण्याच्या आदल्या दिवशी तुमच्याकडं आलो. मनाशी पक्कं केलं होतं की सांगायचं. तुम्ही अंगणात अंबाडीचा दोर वळत बसला होता. बरेच खंगला होता. बातमी ऐकून तुमचा चेहरा उजळला. "तू पंच व्हणार? झ्याक झालं." काकींना हाक मारून गूळ आणायला सांगितलात. मग दोर वळता वळता हात थांबला. "त्या दिवशी बारामतीला..." असं म्हणालात. मी खाली मान घालून बसलो. मी वाट बघत होतो, वस्ताद. करेलाच्या दांड्याच्या वेळी बघितली तशीच. तुम्ही विचाराल आणि मी सांगेन. तुम्ही म्हणालात, "जाऊ दे. एकदा इचारलं. दोनदा इचारणं म्हंजे गड्यावर संशेव घेणं." आणि पुन्हा दोर वळायला लागलात. काकींनी गूळ आणला. मी खाल्ला.

तुम्ही गेलात तेव्हा मी मुंबईत एका स्पर्धेत होतो. पत्र तीन दिवसांनी मिळालं. आलो तेव्हा दहावाही व्हायचा होता. घरात माणसं होती, काकींनी मला बघून फक्त मान हलवली. तात्या अंत्यविधीला आले होते, शेवटपर्यंत थांबले आणि कुणाशी न बोलता गेले, असं तुमच्या लेकीनं सांगितलं.

पुढचं सगळं सत्कारात वाचलं गेलं. जिल्हा, राज्य, देश, मग छातीवर आंतरराष्ट्रीय पंचाचा बिल्ला. कडक पंच म्हणून माझं नाव झालं. खेळाडू तोंड उघडायच्या आत मी पाठ फिरवायचो. धावायला गुडघा साथ देत नसे, तो मी रोज सकाळी गरम तेलानं चोळून, पट्टी बांधून पळवला. परदेशात भाषा येत नाही हे तर माझ्या पथ्यावरच पडलं. मला कुणी काही सांगू शकत नव्हतं आणि मला कुणाला काही विचारायचं नव्हतं.

एकच सामना सांगतो. पूर्वेकडच्या एका दमट शहरात, संध्याकाळी. कोपऱ्यातून चेंडू आला, गर्दी, आणि गोल. माझ्यासमोर दोन पाठी आडव्या आल्या होत्या, मला नीट दिसलं नव्हतं. रेषेवरच्या पंचाचा झेंडा खाली होता. मी गोल दिला. कुणी तक्रार केली नाही, त्यांच्या गोलकीपरनंही नाही. सगळे मध्याकडं परतत होते. आणि गोल करणारा पोरगा, विशी-बाविशीचा, सोबत्यांचे हात झटकून माझ्याकडं आला. त्याला माझी भाषा येत नव्हती, मला त्याची. त्यानं आपला हात पुढं केला आणि मनगटाच्या वर दोन बोटं ठेवून दाखवली. मग गोल नाही म्हणून मान हलवली. चेंडू अजून मध्यावर ठेवलेला नव्हता. गोल मागं घेता येत होता. नियमच आहे तसा.

त्याला कुणी विचारलं नव्हतं, वस्ताद. त्याच्या पायांखाली हिरवळ होती, माती दिसतही नव्हती. मी त्याच्या त्या दोन बोटांकडं बघितलं आणि माझं डोकं फिरलं. इतका राग मला मैदानावर कधीच आला नव्हता. मी त्याच्या तोंडासमोर हात झटकला, मध्याकडं बोट केलं आणि जोरात शिट्टी वाजवली. तो दोन पावलं मागं सरकला. माझ्याकडं त्यानं कोणत्या नजरेनं बघितलं ते मी बघितलं नाही. सामना त्या एका गोलानं संपला, हरलेला संघ घरी गेला. माझ्या अहवालात तो गोल निर्दोष म्हणून नोंदला आहे.

हे पत्र तुमच्या लेकीला नेऊन द्यावं असं लिहायला बसताना ठरवलं होतं. आता वाटतं, या वयात तिच्या आबांचा शब्द खोटा का पाडा? हे कारण बरं आहे. भाषणात सांगितलं तर त्यावरही टाळ्या पडतील. म्हणून तुम्हाला तरी खरं सांगतो. मी तुमच्यामुळं पंच झालो असं सगळीकडं बोलत आलो, परवाही बोललो. ते तसं नाही. गुडघा गेला तेव्हा मला दुसरी कामं होती, वर्कशॉपातली कायम नोकरी होती. मी शिट्टी घेतली ती एवढ्याचसाठी, की मैदानावरच्या बावीस जणांना कुणी ना कुणी विचारू शकतं, पंचाला कुणी विचारत नाही.